महागाई : कारणे आणि उपाय, गिटारसह

"वक्त्यांची कंबर धरली," घोरपडे सर दारातूनच म्हणाले आणि आत येऊन अण्णांच्या खुर्चीत बसले.

अण्णा त्याआधीच उठून उभे राहिले होते. हातातला चहा त्यांनी सरांपुढे केला, तोही उष्टा, आणि सरांनी तो पिऊनही टाकला. प्रसंगच तसा होता.

घोरपडे सर म्हणजे तासगावातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या पेठेतल्या उन्हाळी व्याख्यानमालेचे तहहयात अध्यक्ष. या व्याख्यानमालेत कधी खंड पडला नव्हता. एका वर्षी वळवाने मांडव उडवून नेला, तेव्हा सरांनी श्रोत्यांना पिठाच्या गिरणीत बसवून व्याख्यान पार पाडलं होतं आणि सगळे पांढरेफटक होऊन घरी गेले होते. आणि आज संध्याकाळी 'महागाई : कारणे आणि उपाय' या विषयावर बोलणारे प्राध्यापक साताऱ्यात अंथरुणावर पालथे पडले होते.

"कृषी अधिकाऱ्यांना विचारूया का?" अण्णा म्हणाले.

"ते मागल्या वर्षी झाले. लोक अजून मला बोलतात."

"डॉक्टर?"

"लग्नाला गेलेत. मगदूम, आज पहिल्यांदा मांडव रिकामा राहणार बघा."

"मयुरा आहे की," आतून आई म्हणाली.

मी सोप्यातच बेदाणे निवडत बसले होते. मी मान वर केली नाही. अण्णांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. अण्णांचा चष्मा फक्त एकाच वेळी मळायचा, खोटं बोलताना.

"ती रजेवर आलीय, सर. पुण्यात कंपनीत आहे. तिला कशाला त्रास?"

"अहो पण गाते म्हणे की. वहिनींनी आमच्या हिला सांगितलंय."

अण्णांनी आईकडे बघितलं. आई परत आत गेली. तिचं काम झालं होतं.

मी पुण्यातली कंपनी सोडून गाणी करायला लागले त्याला वर्ष होत आलं होतं. शब्द माझे, चाल माझी, गिटार हप्त्यावरची. सिनेमातली गाणी म्हणत नव्हते, भावगीतं म्हणत नव्हते, त्यामुळे मी नेमकं काय म्हणते हे कुणालाच सांगता यायचं नाही. कॅफेत गायचे. तिथं कॉफीचं यंत्र माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गायचं आणि लोक त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचे. साहेब भला माणूस होता, तो म्हणाला वर्षभर बिनपगारी रजा धरतो. अण्णाही त्याच सुरात म्हणाले, "वर्षभर कर. वर्षात एक तरी आपला माणूस मला येऊन म्हणाला की पोरगी बरं गाते, तर पुढं बघू. नाहीतर गुमान कंपनी." आता मी गाते हेच त्यांनी गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. मग म्हणणार कोण, हा विचार त्यांनी केला नव्हता, किंवा चांगलाच केला होता. दुकानात खत घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते चष्मा पुसत पुसत माझ्या हुद्द्याबद्दल सांगायचे. वर्ष सोमवारी संपत होतं.

"सर, मी म्हणते," मी म्हणाले.

"झालं तर," सर म्हणाले. "विषय काय घेतीस?"

"गाण्यांना विषय नसतो, सर."

"विषयाशिवाय व्याख्यान कसं होईल? बरं, राहू दे. परिचयाला काय लिहू? पुरस्कार?"

"नाहीत."

"ग्रंथसंपदा?"

"नाही, सर."

"आगामी ग्रंथ?"

सरांचा जीव माझ्या परिचयात काहीतरी मिळावं म्हणून अगदी तळमळत होता. शेवटी त्यांनी लिहिलं, 'आपल्याच आभारप्रदर्शनकार मगदूम यांच्या सुकन्या.' कारण व्याख्यानमालेत अण्णांचं काम तेच होतं. अध्यक्षीय समारोप झाला की अण्णा उठायचे आणि आभार मानायचे. मांडववाले, लाऊडस्पीकरवाले, वीज मंडळ, खुर्च्या पुसणारे, पाऊस न पाडल्याबद्दल वरुणराजा, आणि शेवटी 'ज्यांच्या अमोघ वाणीने आपण मंत्रमुग्ध झालो ते आजचे वक्ते'. त्यांचं ते भाषण पेठेत सगळ्यांना पाठ होतं. गावात अण्णा कुणीच नव्हते, पण आभारात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

सर गेल्यावर अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरीचं काही बोलू नकोस. गाणी म्हण आणि खाली उतर."

"आणि सोमवारचं?"

"सोमवार सोमवारी येतोय."

संध्याकाळी मी मांडवाकडे निघाले तेव्हा चौकातल्या फळ्यापुढे थबकले. शकील पेंटरला वेळ कमी मिळाला होता. त्यानं प्राध्यापकांच्या नावावर पांढरा पट्टा मारून माझं नाव घातलं होतं. बाकीचं तसंच होतं. 'आजचे व्याख्यान. विषय : महागाई : कारणे आणि उपाय. वक्त्या : कु. मयुरा मगदूम.' आणि खाली, उरलेल्या जागेत, प्रामाणिकपणे, '(गिटारसह)'.

"शकीलभाई, हे काय?"

"नाव बदल म्हणाले, बदललं. विषयाचं कोण बोललंच नाही," तो म्हणाला. "गिटारचं मी माझ्या मनानं घातलंय. मागनं कुणी तक्रार नको."

मांडव भरला होता. महागाई म्हटल्यावर निवृत्त मंडळी घरात बसणं शक्यच नव्हतं. पुढच्या रांगेत शेडबाळे बाई होत्या, ज्यांनी अर्ध्या गावाला गणित शिकवलं होतं. त्यांच्या मांडीवर वही होती, हातात पेन होतं. व्यासपीठावर तीन खुर्च्या, एक सरांची, एक अण्णांची, एक माझी, आणि मधे उभ्यानं बोलायचा लाकडी डायस, त्याला जोडलेला एकच माइक.

"गिटारला दुसरा माइक लागेल," मी लाऊडस्पीकरवाल्या पाटलांना म्हणाले.

"व्याख्यानाला एकच असतोय," पाटील म्हणाले. "वक्त्याला दोन तोंडं असत्यात व्हय?"

त्यामुळे मी डायसच्या मागे उभी राहून गिटार गळ्यापर्यंत वर ओढली. समोरून माझं डोकं आणि गिटारचा दांडा एवढंच दिसत असणार. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं. सरांनी प्रास्ताविकात महागाईचा आढावा घेतला. मग म्हणाले, "वक्त्या हा विषय स्वरांतून मांडणार आहेत." आणि बसले.

मी पहिलं गाणं सुरू केलं. पुण्यातल्या माझ्या घरमालकावरचं होतं.

भिंतीला खिळा ठोकू नका, काकांनी सांगितलं,
मग मी माझं कॅलेंडर मनातच टांगलं.

शेडबाळे बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. एकानेही नाही. आमच्या व्याख्यानमालेत मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, वक्त्याचा मुद्दा तुटतो, असा सरांचा दंडक होता. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण गाणं संपून समोर भरलेला मांडव गप्प बसला की असली माहिती काही कामाला येत नाही. कॅफेत निदान कपबश्या तरी वाजायच्या.

दुसरं गाणं सकाळच्या बसमध्ये पेंगणाऱ्या माणसांचं होतं. तिसरं, एकटीसाठी कुकर लावायचा की नाही याचं. चौथं, आईचा फोन आल्यावर मी जेवले म्हणून सांगते त्याचं. गाणं संपलं की शांतता, आणि शांततेत पेनं चालल्याचा आवाज. एक आजोबा डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत असं मी धरून चालले होते, पण कुकरच्या गाण्यात ते मधेच म्हणाले, "गॅस केवढ्याला पडतो तिथं?" आणि सरांनी त्यांना बोटानं गप्प केलं. अण्णा माझ्या उजव्या हाताला बसले होते. मी एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. मला वाटत होतं, संपलं, सोमवारी सकाळच्या गाडीनं कंपनी.

घोडं अडलं ते पुढं. माझी गाणी संपली. मी नमस्कार केला आणि गिटार खाली घेतली. सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे झुकले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "अजून वेळ आहे."

"सर, झालं."

"व्याख्यान लवकर संपत नाही, बाळ. लोक घरी जाऊन काय करतील? जेवणं व्हायची असतात. आणखी एक मुद्दा घे."

आणखी एकच गाणं होतं. ते मी तासगावात कधी म्हणणार नव्हते. पण समोर एवढी माणसं बसलेली, सर हात जोडून 'घ्या, घ्या' करतायत, आणि माझ्या डोक्यात दुसरी एक ओळ येईना. हात आपोआप त्याच गाण्याच्या सुरांवर गेले. म्हटलं, शेवटचं कडवं गाळायचं. त्या कडव्यात मुलगी कंपनी सोडते. ते गाळलं की गाणं निरुपद्रवी.

आमची मुलगी कंपनीत असते,
काचेच्या आत बसते,
बाहेर कावळा आला तर
त्याच्याकडं बघून हसते.

पुढची रांग थोडी हलली. कावळा त्यांना पटला असावा. मी जरा धीटपणे दुसरं कडवं घेतलं आणि पहिला शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं की धोका शेवटच्या कडव्यात नव्हता, इथंच होता. पण गाणं एकदा उतारावर लागलं की थांबत नाही.

अण्णा सगळ्यांना सांगतात,
हुद्दा मोठा असतो,
सांगताना त्यांचा चष्मा नेमका
पुसायचा असतो.

मांडवातल्या सगळ्या माना एकदम माझ्या उजवीकडे वळल्या. मीही वळले. अण्णा चष्मा पुसत होते.

त्यांना कळलंच नव्हतं. हात त्यांचे ते चालले होते, शर्टाचं टोक, गोल गोल. मग समोर काय चाललंय ते त्यांनी नुसत्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला, काही दिसेना, म्हणून चष्मा डोळ्याला लावला आणि त्यांना दिसलं की अख्खी पेठ त्यांच्याकडे बघते आहे. शेडबाळे बाई आधी हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, पण हसल्या. मग मांडव हसला. पाटील लाऊडस्पीकरवाले मशीनवर डोकं ठेवून हसले. घोरपडे सरांनी शांतता राखायला हात वर केला आणि तो तसाच वर ठेवून स्वतः हसत राहिले.

अण्णा हसले नाहीत. शेवटचं कडवं मी गाळलं, ठरवून नव्हे, पुढं गाताच येईना म्हणून. गिटारची तार तेवढी उगाच वाजत राहिली आणि मी खुर्चीत जाऊन बसले.

आमच्याकडे व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं असतात. मला वाटलं होतं, कोण काय विचारणार. हात वर आले. घरमालकानं डिपॉझिट परत दिलं का? बसमधला माणूस झोपेत आपला थांबा विसरला, तर मग तो ऑफिसात पोचला का? एकटीसाठी कुकर लावला तर वाटाणे कमी घातलेस तरी चालेल, हे तू गाण्यात घालशील का? माझी उत्तरं त्यांनी लिहून घेतली. डोळे मिटलेल्या आजोबांनी चौथ्या गाण्याबद्दल विचारलं, "आईला खोटं सांगितलंस की जेवले म्हणून. मग त्या दिवशी जेवलीस का नंतर?" वर्षभरात कॅफेतल्या एकालाही माझा शब्द कळला नव्हता, आणि हे लोक माझ्या जेवणाची काळजी करत होते. मला तिथंच रडू येणार होतं.

शेवटी शेडबाळे बाई उभ्या राहिल्या.

"मुली, ते शेवटचं गाणं पुरं झालं नाही. उदाहरण अर्धं सोडलंस. पुढं काय?"

"पुढं काही नाही, बाई. एवढंच आहे."

"नाही," बाई म्हणाल्या. "पुढं आहे. चाल वरच राहिलीय."

मी अण्णांकडे बघितलं. ते सतरंजीकडे बघत होते. "एवढंच आहे, बाई," मी परत म्हणाले. बाई बसल्या, पण समाधान झालेलं नव्हतं.

मग अध्यक्षीय समारोप. सर म्हणाले, "वक्त्यांनी महागाईची कारणे विस्ताराने मांडली. घरभाडे, इंधन, प्रवास, एकट्याचा संसार. उपाय मात्र सांगितले नाहीत. ते त्यांनी आपल्यावर सोपवले आहेत." हे ते इतक्या मनापासून म्हणाले की क्षणभर मलाही वाटलं, असेल.

आणि अण्णा आभाराला उठले.

डायसपाशी गेले. माइक त्यांच्या उंचीला ओढून घेतला. मांडववाल्यांचे आभार मानले. पाटलांचे मानले. वीज मंडळाचे मानले. पेठ त्यांच्याबरोबर मनातल्या मनात म्हणत होती, ओठ हलताना दिसत होते. खुर्च्या झाल्या, वरुणराजा झाला. आता वक्ते. 'ज्यांच्या अमोघ वाणीने' इथं अण्णा थांबले. मागून कुणीतरी हळूच आठवण केली, "मंत्रमुग्ध."

"घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही," अण्णा म्हणाले. "तेव्हा ते राहू दे. शेडबाळे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, तेवढं देतो."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मांडवानं तो बघितला. अण्णांनीही बघितला, आणि तो हात खाली आणून डायसच्या कडेवर घट्ट ठेवला.

"पुढचं असं आहे, की ती कंपनीत नाही. वर्ष झालं. गाणी करते. ही जी आत्ता म्हटली ती तिनंच केलीत, शब्द पण आणि चाल पण. मी वर्षभर तुम्हा सगळ्यांना दुकानात खोटं सांगितलं. पोतं उचलायच्या आधी सांगितलं, पोतं उचलल्यावर सांगितलं. ते तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल समितीच्या वतीनं मी आपले सर्वांचे आभार मानतो."

मग घोरपडे सर खुर्चीतूनच म्हणाले, "मगदूम, ते गावाला ठाऊक होतं."

अण्णा वळले. "सगळ्या?"

"वहिनींनी आमच्या हिला सांगितलं म्हटलं ना. मग राहतंय का?"

"मग बोलायचं तरी मला कुणी."

"तुम्ही हुद्दा इतका छान सांगत होता," शेडबाळे बाई म्हणाल्या. "दर महिन्याला वाढवत होता. आम्हाला पुढं काय होतंय याची उत्सुकता होती."

अण्णा तिथंच उभे. कुणीतरी टाळी वाजवली. व्याख्यान संपलं होतं, आता वाजवायला हरकत नव्हती, आणि मग सगळ्यांनी मिळून मघापासूनच्या सगळ्या टाळ्या एकदम वाजवल्या. त्या माझ्या गाण्यांच्या होत्या की अण्णांच्या आभाराच्या, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यानंतर मी मोठ्या सभागृहांतून गायले, लोक माझी गाणी माझ्याबरोबर म्हणायला लागले. पण तेवढ्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत, असं मला वाटतं, आणि वाटतं ते खरंच आहे.

गर्दी पांगताना ते डोळे मिटणारे आजोबा अण्णांजवळ आले. "पोरगी बरं गाते," म्हणाले. अण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सोमवारी साहेबांना फोन करतो. येणार नाही म्हणून सांगतो."

"मी करते ना, अण्णा."

"नको. खरं बोलायची सवय लागू दे मला जरा."

मी गिटार पिशवीत घातली. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली आणि आपल्या खांद्याला अडकवली. त्यांना ती उलटी अडकली होती, दांडा पुढं येऊन हनुवटीला लागत होता, पण त्यांनी ती सरळ करू दिली नाही. घरी जायला मागची बोळ जवळची. अण्णा बाजारपेठेकडे वळले. मांडवातून आमच्याबरोबर निघालेली आई म्हणाली, अहो, इकडून. ते ऐकायला तयार नव्हते. ती कंटाळून बोळीनं पुढं गेली.

बाजारपेठेत अण्णा प्रत्येक दुकानापुढे थांबले. व्याख्यानाला आलेल्यांपुढेही थांबले. "मुलगी," म्हणायचे आणि मला पुढं करायचे. "गाणी करते." भांड्यांच्या दुकानात सांगितलं, रसवंतीवर सांगितलं, ज्यांच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्या बाबर खतवाल्यांनाही पायरी चढून सांगितलं. बाबरांनी बसायला स्टूल दिलं, पण अण्णांना वेळ नव्हता.

स्टँडच्या कोपऱ्यावर रस्ता संपला. सांगण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. तिथं एक ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर वाकून टायर तपासत होता. अण्णा त्याच्यापाशी गेले.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले. "गाणी करते. स्वतः करते."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हनुवटीला टेकलेल्या गिटारकडे बघितलं. ट्रक कर्नाटकातला होता. त्याला मराठी कितपत समजलं, देव जाणे. पण त्यानं हात पँटला पुसला आणि अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो बराच वेळ सोडला नाही.